पंचेचाळीस मिनिटांच्या आतला समुद्र

माझ्या बहिणीचा नवरा नेव्हिल लार्टर एकतीस वर्षं खेडोपाडी बस चालवत होता, आणि एकतीस वर्षांत त्यानं एकदाही बस वेळेच्या आधी सोडली नाही. उशीर झाला असेल, रस्त्यात मेंढरं बसली म्हणून किंवा पाणी भरलं म्हणून. पण आधी नाही. थांब्यावर चिटपाखरू नसलं तरी काटा बरोबर मिनिटावर येईपर्यंत हा इंजिन चालू ठेवून बसायचा. आतले लोक कावायचे. "अरे नेव्हिल, आता कोण यायचंय? भूत?" त्यावर तो म्हणायचा, "आलं तर त्याची बस चुकायला नको." हा गुण म्हणायचा की खोड, हे मला चाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर ही सगळी शिस्त तंबू ठोकायची जागा निवडण्यात गेली. तशी ती आधीही होतीच. नेव्हिल आणि माझी थोरली बहीण हेझल लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात तंबूत राहायला जायची. परदेश नाही, हॉटेल नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं आमचं नॉरफोक, फार तर खाली शेजारच्या सफोकपर्यंत. माझा नवरा गेल्यापासून मीही माझा छोटा तंबू घेऊन त्यांच्या शेजारी असायची. स्वयंपाक हेझलचा, कुरकुर माझी, आणि जागा नेव्हिलची. त्याच्या त्या कामात कुणी तोंड घालायचं नाही.

तो आधी एकटा जाऊन जागा बघून यायचा. बूट काढून नुसत्या मोज्यांवर मैदानभर फिरायचा. टेनिसचा चेंडू ठेवून तो कुठं घरंगळतो ते बघायचा. तंबूची मेख अंगठ्यानं दाबायचा. ईशान्येच्या बाजूला झाडी हवीच, कारण आमच्याकडचा समुद्रावरचा वारा आळशी. माणसाला वळसा घालायचा त्याला कंटाळा, सरळ आरपार जातो. नळ लांब नको, पण फार जवळही नको, नाहीतर सगळं मैदान तुमच्या दारात येऊन भांडी आपटतं. मालकिणीची कपडे वाळत घालायची दोरी तो नीट बघायचा. दोरीवरून म्हणे संडास कसे असतील ते कळतं. आणि हे सगळं दोनदा, एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा पावसात. पावसात बघितल्याशिवाय त्यानं आजवर एकही जागा ठरवली नव्हती.

"माझ्याशी लग्न करताना एवढं बघितलं असतंस तर?" हेझल त्याला चिडवायची.

"बघितलं होतं की," तो म्हणायचा. "तुझ्या बापाच्या दारात तीन तास पावसात उभा होतो."

हे मात्र खरं आहे. मी खिडकीतून बघत होते.

मागच्या वर्षी हिवाळ्यात हेझलच्या दोन्ही किडन्या गेल्या. फेब्रुवारीपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर चार-चार तास. ती बहात्तर वर्षांची, हृदय आधीच अधू, त्यामुळं दुसऱ्या इलाजाचं कुणी बोललंही नाही. पाणी मोजून, चहा अर्धा मग. नेव्हिलनं मगावर आतून खूण केली आणि त्या खुणेच्या वर थेंब जाऊ दिला नाही. हेझलसारखी बाई, जिनं तंबूत सकाळी उठल्यावर मला पहिला मग देईपर्यंत स्वतःचा दुसरा संपवलेला असायचा, ती अर्धा मग दोन्ही हातांत धरून तासभर बसायची. मला ते बघवायचं नाही. मी खिडकीबाहेर बघून हवापाण्याचं बोलायचे.

एप्रिलमध्ये ती म्हणाली, "मला दोन रात्री समुद्राकाठी झोपायचंय. तंबूत."

आम्ही दोघी बहिणी समुद्रापासून अर्ध्या मैलावर जन्मलो. लहानपणी गाज ऐकत झोपायचो, ती थांबली तर जाग यायची. हेझल म्हणाली, "त्या मशीनची घरघर कानात बसलीय गं. घरी आले तरी तीच. रात्री उशीला कान लावला की तीच. एकदा समुद्रानं ती धुऊन काढली पाहिजे."

तिनं एवढंच मागितलं. वर्षभर तिनं दुसरं काही मागितलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

नेव्हिलनं हॉस्पिटलात नर्सला विचारलं. मारिसेल तिचं नाव, हसतमुख पोरगी, एका वेळी आठ-आठ खुर्च्या सांभाळणारी. ती हेझलच्या हातातली सुई काढत होती. म्हणाली, "जा की! शुक्रवारी दुपारी जा, सोमवारी सकाळी इथं या. फक्त हॉस्पिटलपासून पाऊण तासाच्या आत राहा, म्हणजे झालं." आणि पुढच्या खुर्चीकडं गेली. नेव्हिलनं मान डोलावली. नवीन वेळापत्रक हातात पडलं की तो अशीच मान डोलवायचा.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या दारापासून घड्याळ लावायचं, गाडी हाकायची आणि पंचेचाळीस मिनिटं झाली की थांबून नकाशावर तांबडा ठिपका द्यायचा. उत्तरेचा रस्ता, पूर्वेचा रस्ता, मधले बोळ. मे महिना संपेपर्यंत नकाशावर गोवर उठल्यासारखे ठिपके उठले, आणि एकही ठिपका समुद्राला टेकला नाही. कुठं दोन मैल कमी पडत होते, कुठं तीन.

सगळ्यांत जवळ आलं ते सॅलोबी. कड्यावरचं छोटं मैदान, चाळीस तंबूंचं, मालकीण विधवा आणि तिची दोरी नेव्हिलच्या मते निर्दोष. तिथं तंबूत पडल्या पडल्या गाज ऐकू येते. पण सॅलोबी बावन्न मिनिटं.

"बावन्न म्हणजे काय आणि पंचेचाळीस म्हणजे काय!" मी म्हणाले. "सात मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे?"

"सात मिनिटं उशिरा थांब्यावर आलेल्या माणसाला विचार," नेव्हिल म्हणाला.

"ती बस नाहीये, नेव्हिल."

"तेच म्हणतोय मी. बस असती तर दुसरी आली असती."

त्यानं वाचलं होतं, अंगात पाणी साठलं, छातीत चढलं तर काय होतं ते. तो ते आम्हाला सांगत नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. शुक्रवार ते सोमवार हा मोठा खंड, त्यातच हेझलला धाप लागायची. एकदा जूनमध्ये रविवारी लागलीच, घरातून हॉस्पिटलला पोचायला त्यांना अठरा मिनिटं लागली आणि नेव्हिल म्हणाला, त्यातली शेवटची चार तिचे ओठ निळे होते. त्यानंतर त्याच्याशी मिनिटांवर वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्यानं पंचेचाळीस मिनिटांच्या आतल्या जागा बघायला घेतल्या. नऊ बघितल्या. एका ठिकाणी कुंपणापलीकडं चारशे डुकरं. एका ठिकाणी शेतातल्या पाखरांना उडवायला यंत्र लावलेलं, दर वीस मिनिटांनी तोफ उडाल्यासारखा आवाज. एक जागा खरंच सुंदर होती, नदीच्या वळणावर, मोठं विलोचं झाड, गवत गालिच्यासारखं सपाट. चेंडू जागचा हलला नाही. पावसातही बघून झाली. नेव्हिल जुलैतल्या एका रविवारी हेझलला आणि मला ती दाखवायला घेऊन गेला. अंड्याचे सँडविच केले होते, हेझलच्या वाटणीला चोखायला बर्फाचे खडे थर्मासात घेतले होते. ती खुर्चीत बसून नदीकडं बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली.

आमच्याकडं 'छान आहे' म्हणजे नको. नेव्हिलला ते कळलं.

"पाणी आहे की गं," तो म्हणाला.

"आहे ना. पण हे पाणी बोलत नाही काही." मग त्याचं तोंड बघून घाईनं म्हणाली, "चालेल रे मला. इथंच येऊ."

"नाही," नेव्हिल म्हणाला. "समुद्र म्हटलं होतंस, समुद्रच देतो. सात मिनिटं कुठून तरी काढतो."

आणि तो ती सात मिनिटं शोधायला लागला. चर्चच्या मागून, बंद पडलेल्या विमानतळाच्या कडेनं, ओढ्यातून. पहाटे सहाला निघून बघितलं तर सॅलोबी चव्वेचाळीस मिनिटांत आलं. मी टाळ्या वाजवल्या. तर म्हणतो, "पहाटे सहालाच बिघडेल असं हेझलनं लिहून दिलंय का?" ऑगस्टमध्ये कापणीचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले, सुट्टीवाल्यांच्या गाड्या आल्या आणि बावन्नाची अठ्ठावन्न झाली. त्या दिवशी तो घरी येऊन गाडीतच बसून राहिला. हेझल खिडकीतून बघत होती. मला म्हणाली, "याला सांग गं, मला नको समुद्र." मी म्हटलं तू सांग. ती म्हणाली, "मी सांगितलं तर तो दिवसभर काय करेल?"

एकदा मी त्याला म्हणाले, "अरे, त्या नर्सलाच विचार ना. म्हणावं, पन्नास चालतील का, पंचावन्न चालतील का?"

"त्यांना कशाला त्रास द्यायचा? मरमर काम करतात त्या पोरी."

"एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो?"

त्यानं नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग हळूच म्हणाला, "आणि विचारलं, आणि ती म्हणाली तीस, तर?"

मलाही वाटलं, खरंच म्हणाली तर? हेझलनंही मान हलवली, "नको बाई, उगीच त्यांच्या डोक्याला ताप." आम्ही अशीच माणसं आहोत. डॉक्टरांपुढं आम्ही 'बरं आहे, आभारी आहे' म्हणतो आणि घरी येऊन जिन्यात बसतो. मी तोंडाची फटकळ म्हणून सगळ्या गल्लीत प्रसिद्ध, पण त्या सबंध उन्हाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी हेझलला सोडायला त्या वॉर्डात गेले आणि मारिसेलला फक्त 'आज हवा बरी आहे' एवढंच म्हटलं.

सप्टेंबर उजाडला तशी हेझल खालावत चालली. मशीनवरून आली की पुढचा सबंध दिवस मान वर करता यायची नाही, आणि त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा मशीन. हातातली शीर दोनदा बंद पडली, मग मानेतून नळी घातली. वजन किती उतरलं ते तिचा कोट सांगत होता. सॅलोबीचं मैदान महिन्याच्या शेवटच्या रविवारी हंगाम संपून बंद होणार होतं, ते नेव्हिलच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. त्या तारखेचं कुणी काही बोलत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी हेझलला मी घेऊन गेले. सॅलोबीच्या रस्त्यावर महिनोन्महिने चाललेलं खोदकाम संपलं होतं आणि नेव्हिलला तो रस्ता मोजायला जायचं होतं. हेझल खुर्चीत झोपली होती, तोंड किंचित उघडं. मारिसेल मशीनचे आकडे बघत होती. माझं डोकं फिरलेलं होतं, कुणावर तरी राग काढायचा होता, म्हणून मी म्हणाले, "तुमच्या त्या पाऊण तासानं उन्हाळा खाल्ला आमचा."

"कुठला पाऊण तास?" ती म्हणाली.

मी सांगितलं. तंबू, सॅलोबी, बावन्न मिनिटं, सगळं. ती माझ्याकडं बघत राहिली.

"अहो, ते मी असंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे फार लांब स्पेनबिनला जाऊ नका. तास, दीड तास, काहीही चाललं असतं. तिकडं सॅलोबीला तर आमचे कितीतरी पेशंट राहतात. तिथून गाडीनं येतात आठवड्यातून तीनदा." मग तिनं तोंडावर हात ठेवला. "विचारलं का नाही तुम्ही?"

काय सांगणार होते मी तिला? मी म्हणाले, "तुम्ही कामात होता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. मला एवढा संताप आला होता, आणि तो काढायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

परत येताना मी मनाशी ठरवत होते की नेव्हिलला सांगायचं कसं. पण सांगायचं. शुक्रवारी निघायचं, अजून एक आठवडाअखेर हातात आहे. आमच्यापुढं बीटांनी भरलेला ट्रॅक्टर होता. हेझल डोळे मिटूनच म्हणाली, "डॉरीन, शुक्रवारी मी जाणार नाही."

"कुठं?"

"मशीनवर. डॉक्टरीणबाईंशी बोलले मी सोमवारी. त्यांनी तीनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. आठवडा जाईल म्हणाल्या, कदाचित दहा दिवस. दुखणार नाही, औषधं देतील." ट्रॅक्टर बाजूला झाला, तरी मी त्याच्याच वेगानं चालवत राहिले. "नेव्हिलला आज सांगायचंय. तू थांब हं. मला एकटीला नाही जमणार."

घरी पोचलो तर नेव्हिल दारातच उभा. कितीतरी दिवसांत त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता. "एकोणपन्नास!" तो म्हणाला. "खोदलेला रस्ता उघडला. तीन मिनिटं वाचली. आता चारच राहिली, हेझल, चार मी कुठूनही काढतो. पुलाच्या अलीकडून एक—"

"नेव्हिल, आत ये. बस जरा."

तो बसला. तिनं सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, माझ्यापेक्षाही थोडक्यात. तो ऐकत होता आणि हातातल्या गाडीच्या किल्ल्या टेबलावर सरळ रांगेत लावत होता.

"म्हणजे शुक्रवारी किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं.

"हॉस्पिटलला नाही जायचं, बाबा. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग आता मला पंचेचाळीस मिनिटांत कुठं परत यायचंय? सॅलोबी घे."

तो उठला, किटली ठेवली, सिंकपाशी आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. पाणी उकळलं तरी उभाच. शेवटी मग काढला आणि पाठमोराच म्हणाला, "अर्धा?"

"भरून दे," हेझल म्हणाली.

माझ्या पोटात मारिसेलचं बोलणं तसंच होतं. मी कोट घालून घरी गेले.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं सॅलोबीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या आणि फोन नंबर दिला होता, तिथल्या गावच्या नर्सला कळवून ठेवलं होतं. नेव्हिलनं गाडी सावकाश हाकली. मैदानावर फक्त दोन तंबू उरले होते. चांगल्या जागा सगळ्या रिकाम्या होत्या, झाडीच्या आडोशाच्या, सपाट. त्यानं बूट काढले नाहीत. तो सरळ कड्याकडच्या टोकाला गेला, जिथं नळ सगळ्यांत लांब, जमीन उतरती, ईशान्येला काहीही नाही, आणि म्हणाला, "इथं." मी काठ्या धरल्या, त्यानं मेखा ठोकल्या. हेझलची खाट तोंड समुद्राकडं करून लावली आणि उताराच्या बाजूच्या पायांखाली दोन विटा सरकवल्या. तिला आत निजवून वर तीन गोधड्या घातल्या. तिनं डोळे मिटले. गाज येत होती, अगदी उशाशी आल्यासारखी, आणि तिच्या कपाळाची फेब्रुवारीपासूनची आठी सुटलेली मी पाहिली.

आम्ही दोघं बाहेर घडीच्या खुर्च्यांवर बसलो. वारा आरपार जात होता. नेव्हिलनं घड्याळ बघितलं.

"एकोणपन्नास," तो म्हणाला. "आजही एकोणपन्नासच लागली."

"हं."

"चार मिनिटं, डॉरीन. तेव्हा सात कमी पडत होती. तेवढी मला मिळाली असती, तर हिला मी जूनमध्ये आणली असती. जूनमध्ये ही चालत खाली वाळूवर गेली असती." त्यानं हातांनी चेहरा पुसला. "मी सगळे रस्ते बघितले गं. एकही सोडला नाही. काही करता आलं असतं का? तू सांग. माझं काही राहिलं का करायचं?"

तो माझ्याकडं बघत होता. एवढ्या वर्षांत त्यानं माझं मत कधी विचारलं नव्हतं. एक शब्द पुरला असता, माझ्या जिभेवरच होता, आणि मला आयुष्यात कधी जीभ आवरता आलेली नाही.

"नाही," मी म्हणाले. "काहीच करता आलं नसतं. नर्सनंच सांगितलं होतं ना."

"हो. सांगितलं होतं तिनं." त्यानं मान डोलावली आणि खुर्चीत जरा मागं टेकून बसला. "मी उगीच तिला त्रास दिला नाही, हे एक बरं केलं."

"बरं केलंस," मी म्हणाले.

आतून हेझलचा आवाज आला. "काय कुजबुजताय दोघं? गप्प बसा की. मला ऐकू येत नाहीये."

आम्ही गप्प बसलो.